तबकडी परत आली तेव्हा

सिरोंच्यात पावसाळ्याच्या दिवसांत दुकानाचे शटर उघडण्याआधी नदीची चौकशी होते. प्राणहिता गावालगत वाहते आणि थोडे पुढे, पलीकडच्या काळेश्वरपाशी, गोदावरीला मिळते. दोघींपैकी कोणती चढली आहे यावर त्या दिवशीचा धंदा ठरतो. २०२२ च्या जुलै महिन्यात दोघीही चढल्या. नदीकाठच्या गावांतून माणसे हलवावी लागली, रस्ते तुटले, आणि बाजारातील एका किराणा-भुसार दुकानात संध्याकाळी मालाची उचलाउचल सुरू झाली. साखरेची व डाळीची पोती माळ्यावर गेली, बियाण्यांची पाकिटे गेली. शेवटी मुलाने टेबलावरचा संगणक उचलला. तो बंद करण्याइतकी सवड कोणाला नव्हती आणि वायर पुरेशी लांब होती. चालू स्थितीतच त्याने तो भिंतीवरच्या उंच फळीवर नेऊन ठेवला. ठेवताना डब्याचा कोपरा फळीला जरा जोरात लागला.

दुकानात पाणी आले नाही. दोन दिवसांनी माल खाली उतरला, संगणकही उतरला आणि पूर्वीसारखा सुरू झाला. घरात सर्वांना हायसे वाटले.

हे घर दुकानाच्या मागेच आहे. शेठजी अडुसष्ट वर्षांचे, मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर, सून घरातून दुकानाकडे आणि दुकानातून घराकडे दिवसाकाठी पन्नास फेऱ्या घालणारी. संगणक एकच. दिवसा तो दुकानाचा मुनीम आणि रात्री घराचा आल्बम. शेठजींनी चाळीस वर्षे रोजमेळ आणि खतावणी स्वतःच्या हाताने लिहिली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा मुलाने टॅली बसवली आणि त्या वर्षीच्या दिवाळीला लाल कापडाच्या बांधणीच्या वह्यांची संख्या सहावरून एकावर आली, तीही पूजेपुरती. शेठजींनी विरोध केला नाही. मात्र गादीशेजारची लांबोळी कच्ची वही त्यांनी सोडली नाही. सकाळी ते स्वतः बसत तेवढ्या वेळातले देणे-घेणे पेन्सिलीने तीत उतरत असे. मुलगा कधी हसून म्हणे, “बाबूजी, हे सगळं आत आहेच.” त्यावर शेठजी म्हणत, “असू दे. माझ्या हाताला सवय आहे.”

पुरानंतर संगणक मंदावला. एखाद्या गिऱ्हाइकाचे खाते उघडायला पूर्वी क्षण लागे, आता चहा गार होई. मधूनच आतून टिक असा बारीक आवाज येई. मुलाने दोष विजेला दिला. सिरोंच्यात तो नेहमीच द्यायला सोपा असतो.

त्या डब्यात काय चालले होते हे समजून घेण्यासारखे आहे, कारण व्यापारी घरांत याच जातीचा डबा आज सर्रास असतो. हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. टेबलावरच्या संगणकात त्या बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेतात. त्यांच्यावरून वाचणारे-लिहिणारे एक सूक्ष्म टोक फिरते आणि ते तबकडीला टेकत नाही. हवेच्या पातळ थरावर, काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून त्या अंतराची कल्पना यावी. संगणक रीतसर बंद केला की हे टोक तबकडीवरून बाजूला जाऊन विसावते, म्हणून बंद डिस्क थोडाफार धक्का सोसते. चालू असताना बसलेला धक्का मात्र टोकाला तबकडीवर आपटवू शकतो. ओरखडा उठतो, त्याचे कण आत फिरतात, तेच कण पुढे आणखी ओरखडे काढतात. डिस्क काही काळ आपली राखीव जागा वापरून हे झाकते. खराब झालेल्या जागेतला मजकूर दुसरीकडे हलवते, पुन्हा पुन्हा वाचून पाहते. बाहेरून दिसतो तो केवळ मंदपणा. २००७ साली गुगलच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्वतःच्या तपासणीतल्या महत्त्वाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. सिरोंच्याच्या डिस्कने निदान टिकटिक तरी केली होती.

संवत्सरी होऊन दोन दिवस झाले होते. २ सप्टेंबरच्या सकाळी पडदा उजळला आणि काळाच राहिला. आतून टिक, टिक, टिक, मग शांतता, मग पुन्हा टिक. टोक आपली जागा शोधत होते आणि त्याला ती सापडत नव्हती.

पुढचे दोन दिवस झाले ते बहुतेक घरांत होते तसेच झाले. ओळखीच्या एकाने संगणक पुन्हा पुन्हा चालू करून पाहिला. दुसऱ्याने ती डिस्क आपल्या संगणकाला जोडून रात्रभर तपासणीला लावली. हे म्हणजे पाय मोडलेल्या बैलाला रात्रभर मोटेला जुंपण्यासारखे होते, पण त्या वेळी कोणाला ते ठाऊक नव्हते. कोणीतरी फोनवर डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचाही सल्ला दिला. फ्रीजमधून काढताना तबकडीवर दव धरते, तेव्हा हा उपाय झाला नाही हे बरे झाले. शेवटी दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका तरुणाने डबा कानाशी धरला आणि तो खाली ठेवून म्हणाला, “शेठजी, आता याला वीज दाखवू नका. मी उघडणार नाही आणि दुसऱ्या कोणाला उघडू देऊ नका.” त्याने पैसे घेतले नाहीत. दोन दिवसांतला तेवढाच सल्ला उपयोगाचा ठरला.

मुलगा तरीही निश्चिंत होता, कारण त्याच्याकडे बॅकअप होता. दर शनिवारी तो टॅलीची प्रत न चुकता ‘डी ड्राइव्ह’मध्ये काढत असे. सी वेगळी आणि डी वेगळी, अशी त्याची पाच वर्षांची समजूत. त्या तरुणाने त्याला कागदावर एक चौकोन काढून मध्ये रेघ ओढून दाखवली. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावे होती. खोली एकच आणि तिला दारे दोन. शनिवारी न चुकता केलेले ते काम म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली त्याच तिजोरीत ठेवणे होते. खरी बाहेरची प्रत एकच निघाली, एका पेन ड्राइव्हवर, चौदा महिन्यांपूर्वीची.

एकाच ठिकाणी असलेल्या वस्तूविषयी आपल्या समाजाला काही नवीन सांगायला नको. धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके मूडबिद्रीला राहिल्या. लोक दुरून दर्शन घेत. वाचणारे फार थोडे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला छापील खंड आपल्या विदर्भातून, अमरावतीहून, बाहेर पडला. मधल्या काळात मूडबिद्रीला एखादी आग लागली असती, वाळवी लागली असती, तर पुढे काय, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. त्या नकला करणाऱ्यांची बोटे किती दुखली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता दुकानाचे काय गेले आणि काय राहिले, याची मांडणी झाली. चंद्रपूरच्या कर सल्लागारांनी फोनवरच धीर दिला. खरेदीची बिले पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांमुळे जीएसटीच्या पोर्टलवर दिसत होती. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेली विक्री बिलवार होती. बँकेचे व्यवहार बँकेत होते. वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपण्याची कायद्याची अटही बऱ्याच अंशी सांभाळता येणार होती. किरकोळ गिऱ्हाइकांची विक्री मात्र पोर्टलवर दराप्रमाणे केवळ एकत्रित आकड्यांत जाते. सरकारदरबारी बेरीज पोहोचली होती. त्या बेरजेतली माणसे पोहोचली नव्हती. कोणत्या गावच्या कोणी खरिपासाठी काय नेले आणि त्यातले किती फेडले, हे जगात एकाच जागी लिहिलेले होते आणि ती जागा टिकटिक करत होती.

सिरोंचा तालुक्यात उधारी म्हणजे धंद्याची बाजू नव्हे, धंदाच आहे. पेरणीच्या आधी सामान जाते. पैसे धान, कापूस आणि मिरची घरात आल्यावर येतात. भाद्रपदात उधारी सर्वांत फुगलेली असते. मुलाच्या अंदाजाने ती साडेसहा लाखांच्या घरात होती, १४३ खात्यांवर.

शेठजींची कच्ची वही उघडली गेली. त्यांच्या बसण्याच्या वेळातली नोंद तीत होती; दुपारची, संध्याकाळची नव्हती. साठ-एक खात्यांचा काही ना काही माग लागला. बाकीच्यांचा लागला नाही.

मुलाचे म्हणणे व्यवहाराचे होते. डिस्क हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठवावी, तोवर गावात वाच्यता करू नये, आणि कोणी फेडायला आलाच तर आठवणीतला आकडा ठामपणे सांगावा. “आपल्याला माहीत नाही हे कळलं की निम्मे लोक निम्मंच सांगतील.”

शेठजी म्हणाले, “आणि आपण अंदाजाने सांगितलेला आकडा जास्त निघाला तर? ते बिचारे वही मानून देतील. चाळीस वर्षे माझी वही मानत आले आहेत.”

“मग काय करायचं?”

“विचारायचं.”

दुसऱ्या दिवसापासून जो येईल त्याला शेठजींनी स्वतः सांगितले: यंत्र बंद पडले आहे, हिशेब गेला आहे, तुमच्याकडे आमचे किती निघतात ते तुम्ही सांगा. नवी वही घातली होती. सांगितलेला आकडा तीत लिहायचा, समोर सही किंवा अंगठा घ्यायचा आणि त्याची चिठ्ठी गिऱ्हाइकाला द्यायची. मुलगा पहिले काही दिवस गादीवर बसलाच नाही.

ज्यांच्याकडून नोंदीची अपेक्षा कमी होती त्यांच्याकडे ती चोख निघाली. बचत गटाच्या बायकांचे रजिस्टर तारीखवार होते. त्यांनी साबणाच्या वड्यांपर्यंतचा हिशेब वाचून दाखवला. आश्रमशाळेच्या एका शिक्षकाने मोबाइलमधून सगळ्या देयकांची यादी काढून दिली. एका म्हाताऱ्याच्या सातबाऱ्याच्या पिशवीतून शाळेची वही निघाली. नातवाने तेलुगू अक्षरांत सामान लिहिलेले होते. शेठजी जन्माचे सिरोंच्याचे, त्यांनी ते सहज वाचले. काही जण गोंधळले. काहींनी आकडा सांगण्याआधी शेठजींच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. दोघे-तिघे त्या आठवड्यानंतर समोरच्या फुटपाथवरून जाऊ लागले.

गोदावरीकाठच्या एका गावाचा मिरची पिकवणारा शेतकरी आला. त्याचे खाते जुने आणि मोठे. तो म्हणाला, साडेचार हजार. शेठजींना आठवत होते अकराच्या आसपास. मुलगा आतल्या दारात उभा होता. त्यालाही तेच आठवत होते. शेठजींनी क्षणभर पेन थांबवले, साडेचार हजार लिहिले आणि वही सहीसाठी पुढे केली. त्या रात्री बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत.

डिस्क प्रयोगशाळेत गेली ती मुलाच्या आग्रहापेक्षा सुनेच्या आग्रहाने. शेठजी एव्हाना ती विसरायला तयार होते. सुनेने मात्र सासूबाईंच्या आवाजाची गोष्ट काढली. सासूबाई २०२१ च्या मे महिन्यात गेल्या. त्याआधीच्या हिवाळ्यात सुनेने त्यांचे गाणे तीनदा मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले होते. पहाटेची दोन स्तवने होती आणि नातीला झोपवतानाचे एक मारवाडी गाणे होते. मोबाइलची जागा भरली म्हणून तिने ते सारे संगणकात हलवले आणि मोबाइलमधून पुसले. संगणकात म्हणजे जपून, अशी तिची समजूत होती. नवऱ्याचीही तीच होती.

मुलगा डिस्क फोममध्ये गुंडाळून, छातीशी धरून, गोदावरीवरच्या पुलावरून पलीकडे गेला. पूर्वी येथे नावेने जावे लागे. हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांनी आधी कागद केला: आतला मजकूर बाहेर जाणार नाही आणि काही निघाले नाही तर तपासणीपुरतेच पैसे. मग काम समजावून सांगितले. धूळ जवळजवळ नसलेल्या खोलीत डबा उघडायचा, मोडलेले टोक काढून तंतोतंत त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचे टोक बसवायचे, आणि ते तग धरेल तेवढ्या वेळात तबकडीवरचा प्रत्येक अंश जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचा. पुढचे सारे शोधकाम त्या नकलेवर; मूळ तबकडीला पुन्हा हात लावायचा नाही. जुळणारी दुसरी डिस्क शोधण्यातच वेळ जातो. खर्च अठ्ठावीस हजार, मुदत सहा आठवडे. रात्रभर चाललेल्या त्या तपासणीविषयी तेथील अभियंत्याने विचारले तेव्हा मुलाने खरे सांगितले. अभियंत्याने मान हलवली आणि अर्जावर काहीतरी टिपून ठेवले.

मधल्या काळात नवी डिस्क घेतली गेली. साडेतीन हजारांच्या आतल्या त्या वस्तूकडे पाहून शेठजींना २०११ चा हिवाळा आठवला. त्या वर्षी घरात पहिला संगणक आला आणि डिस्कचा भाव एकाएकी दुपटीच्या आसपास गेलेला होता. कारण विचारले तर दुकानदार म्हणाला, थायलंडला पूर आला. शेठजींना ती थाप वाटली होती. ती थाप नव्हती. जगातल्या हार्ड डिस्कांचा मोठा भाग तेव्हा थायलंडमध्ये बनत होता आणि ऑक्टोबर २०११ मध्ये तेथील कारखाने पाण्याखाली गेले होते. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बनवली तेव्हा दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या, एक टनाहून अधिक वजन आणि मावायची जेमतेम पन्नास लाख अक्षरे. आज त्याहून लाखोपट मजकूर खिशात मावतो, आणि खिशातून पडतोही. सिरोंच्याजवळच्या पोचमपल्लीच्या जमिनीत बारापासॉरस या प्रचंड प्राण्याची हाडे सुमारे अठरा कोटी वर्षे टिकली. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्याचा सांगाडा आज उभा आहे. या पुरापावसाच्या प्रदेशाला काही जपून ठेवता येत नाही, असे त्यामुळे म्हणता येणार नाही.

दिवाळी आली. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले. या वेळी पूजेत ठेवलेली वही नुसती पूजेची नव्हती. सह्या-अंगठ्यांनी भरलेली होती. १४३ पैकी प्रत्येक खात्याची बाकी तीत उतरली होती. काही घरी जाऊन विचारून आणावी लागली. बेरीज ५,२१,९०० आली.

कार्तिकातच डिस्क परत आली. म्हणजे मूळ तबकडी एका पिशवीत, निकामी, आणि तिचा मजकूर नव्या डब्यात. त्या रात्री जेवणानंतर सर्व जण संगणकापाशी बसले. आधी सासूबाईंचा आवाज. पहिले स्तवन पूर्ण निघाले. दुसरेही निघाले, मध्येच कुकरची शिट्टी होती, तीसुद्धा. नातीचे गाणे चाळीस सेकंदांनी खरखरून थांबले. त्या पुढची जागा तबकडीवर ओरखडलेली होती. नातीने विचारले, “पुढचं?” सुनेने तिला मांडीवर घेतले आणि पुढचे स्वतः म्हटले. शेठजी उठून ओट्यावर जाऊन बसले.

सकाळी मुलाने टॅली उघडली. सगळी होती. उधारीची यादी छापून त्याने ती नव्या वहीशेजारी ठेवली आणि दोन तास पेन्सिलीने खुणा केल्या. यंत्राची बेरीज ६,१२,४०० होती. ८८ जणांचे आकडे जुळले. ३१ जणांनी कमी सांगितले होते, मिळून ९८,७००. २४ जणांनी चक्क जास्त सांगितले होते, मिळून ८,२००. यादीत सर्वांत वर, लाल शाईत, मिरचीवाला शेतकरी होता: यंत्रात ११,२००, वहीत ४,५००.

मुलाने कागद वडिलांपुढे ठेवला. आवाज त्याने चढवला नाही. “हे एकतीस लोक आता आपल्याला माहीत आहेत,” एवढेच म्हणाला.

सून चहा घेऊन आली होती. तिने कागदावरचे पहिले नाव वाचले, कप ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. येताना भिंतीवरचे कालनिर्णय घेऊन आली. पाने उलटून तिने जुलै काढला. पुराच्या आदल्या आठवड्यातल्या एका चौकोनात दुधाच्या हिशेबाखाली त्या शेतकऱ्याचे नाव होते आणि पुढे लिहिले होते: ६,५०० जमा. भर दुपारी, दुकान बंद असताना, तो मागच्या दाराने पैसे देऊन गेला होता. तिने ते नवऱ्याच्या हाती दिले होते आणि सांगितलेही होते. पैसे गल्ल्यात गेले. नोंद करायची ती पुराच्या धांदलीत राहून गेली.

अकरा हजार दोनशेतून साडेसहा हजार गेले की राहतात चार हजार सातशे. दोनशे रुपयांचा फरक हा फरक म्हणण्याजोगा नव्हता.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग शेठजींनी कागद हातात घेतला आणि विचारले, “बाकीच्या तीस जणांचं कॅलेंडर कुठे आहे?”

मुलाकडे उत्तर होते आणि त्याने ते दिले. तीसही चुका आपल्याच असतील असे नव्हे. काहींनी उघड उघड फायदा घेतला आहे. दोघा-तिघांची नावे तो शपथेवर सांगू शकतो. शेठजींनी ते नाकारले नाही. कोणती दोन-तीन, हे त्यांनाही ठाऊक होते. पण आपण विचारले, त्यांनी सांगितले, आपण लिहिले, त्यांनी सही केली. त्या दिवशी आपल्या हाती यंत्र नव्हते म्हणून सही घेतली आणि आज यंत्र आले म्हणून ती सही खोटी, असे त्यांना म्हणता येईना. वहीतली बाकी हीच बाकी, असे ठरले. २४ जणांनी जास्त सांगितलेले मात्र ज्याचे त्याच्या खात्यावर जमा करायचे आणि बोलावून सांगायचे.

सुमारे ९२ हजार बुडीत लिहावे लागले. कर सल्लागारांनी कारण विचारले. मुलाने ‘हिशेब तडजोडीने मिटवले’ असे लिहून दिले. प्राप्तिकरात बुडीत लिहिलेल्या उधारीची वजावट मिळते. जीएसटी एकदा भरला तो भरला, अशा उधारीपोटी परत मिळत नाही. हा चटका मुलाला ९२ हजारांपेक्षा अधिक लागला असावा. वडिलांचा निर्णय त्याला आजही पटलेला नाही आणि तो तसे स्पष्ट सांगतो. गादीवर बसायला मात्र तो त्याच आठवड्यापासून पुन्हा येऊ लागला.

व्यवस्था बदलली ती सुनेच्या हाताने. बँकांच्या शाखांत संगणक नवे होते तेव्हा दिवसअखेरीची प्रत काढल्याशिवाय कुलूप लागत नसे आणि एक संच शाखेबाहेर ठेवला जाई. येथे आता तसेच चालते. दोन सुट्या डिस्का आहेत. शनिवारी एकीवर नक्कल उतरते, ती काढून कपाटात जाते. दुसरी अहेरीला नणंदेच्या घरी असते. महिन्यातून एकदा जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर अदलाबदल होते. तिसरी प्रत इंटरनेटवरून दूरच्या साठवणीत जाते, ज्या दिवशी रेंज असेल त्या दिवशी. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती कोणतेही एक खाते अहेरीहून आलेल्या प्रतीतून उघडून पाहते. न उघडणारी प्रत नसल्यासारखीच, हे आता तिला कोणी सांगायला नको. दुपारच्या जमेसाठी मागच्या दाराशी एक छोटी वही दोरीने बांधलेली आहे. २०२२ चे कालनिर्णय रद्दीत गेले नाही. ते लाल वह्यांबरोबर पेटीत आहे.

त्या चोवीस जणांना बोलावणे हे काम वाटले त्याहून अवघड गेले. पैसे मागायला दुकानदार बोलावतो हे लोकांना ठाऊक असते. परत द्यायला बोलावतो म्हटल्यावर काही आलेच नाहीत. आली त्यांत बाजारात मोहफुले व भाजी विकणारी एक म्हातारी होती. तिने आपल्याकडे ९४० रुपये बाकी असल्याचे सांगितले होते. यंत्रात निघाले ६००. शेठजींनी तिला तेलुगूत सगळे समजावून सांगितले, ३४० रुपये तिच्या नावावर जमा केले आणि वही दाखवली. तिने ते तीनदा म्हणून घेतले. यात काही डाव नाही ना, याची शेजारच्या गिऱ्हाइकाकडून खात्री केली. मग तेवढ्याचा गूळ आणि तेल मागितले. पिशवी उचलताना ती कोपऱ्यातल्या संगणकाकडे पाहून काहीतरी बोलली आणि दुकानातले सारे हसले. मुलाला तेलुगू तितकेसे येत नाही. त्याने वडिलांना विचारले.

“म्हणते,” शेठजी म्हणाले, “एवढं सगळं त्याला माहीत होतं, तर दोन महिने गप्प का बसला होता?”